१२ व्होल्टच्या बॅटरीवर ट्यूबलाइट : साधा इन्व्हर्टर घरी कसा करायचा? (सर्किट, वायंडिंग, अडचणी)

दुधनाकाठ
जालना तालुक्यात रेशीम संगोपनाचं शेड आहे, ५० बाय २२ फूट. ऐन रात्री अळ्यांना पाला टाकायच्या वेळी लाईट जाते. घरातल्या मोठ्या इन्व्हर्टरची वायर शेडपर्यंत ओढायची नाही, मधून ट्रॅक्टरचा रस्ता जातो.

हाताशी असलेलं सामान : २० वॅटच्या दोन फुटी जाड ट्यूब ४ (दोघींचं फिलामेंट तुटलेलं), यूपीएसची १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरी, जुन्या रेडिओतले फेराइट रॉड, बंद पडलेले ५-६ सीएफएल.

एका ट्रान्झिस्टरवर २० वॅटची ट्यूब नीट चालेल का? वेढे किती, तार किती गेजची? आणि बॅटरी किती वेळ पुरेल? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सविस्तर लिहावं.

तांबडी_तार
चालते. २एन३०५५ ट्रान्झिस्टर वापरा, धातूच्या टोपीवाला (तीन टोकं : बेस, एमिटर, कलेक्टर). पूर्ण कृती देतो.

रॉड १० एमएम जाड, ८ ते १० सेंटीमीटर लांब हवा. जास्त लांब असेल तर त्रिकोणी कानशीनं सभोवार खाच पाडा आणि दोन्ही अंगठ्यांनी मोडा. करवत लावू नका, तुकडे पडतात.

रॉडवर लेदरॉइड पेपरचा एक थर. त्यावर प्रायमरी (बॅटरीकडचं वेटोळं) : २३ गेज इनॅमल तार, ६० वेढे, एकाला एक चिकटून, एकाच थरात. सुरुवातीच्या टोकाला लाल स्लीव्ह घाला, नंतर ओळखायला हेच टोक लागतं. वर पिवळी पॉलिस्टर टेप. मग फीडबॅक (ट्रान्झिस्टरला चालू-बंद करणारं वेटोळं) : ३२ गेज, १३ वेढे, त्याच दिशेनं. इथंही सुरुवातीला लाल स्लीव्ह. टेपचे दोन थर. मग सेकंडरी (ट्यूबकडचं वेटोळं) : ३२ गेज, ४५० वेढे, दीडशे-दीडशेचे तीन थर, आणि प्रत्येक थरावर टेप. या टेपेत काटकसर केली की वरच्या आणि खालच्या थरात ठिणगी पडते आणि सगळं सोडून पुन्हा गुंडाळावं लागतं.

जोडणी : बॅटरीच्या प्लसमधून ३ अँपिअरचा फ्यूज, तिथून प्रायमरीचं लाल टोक. प्रायमरीचं दुसरं टोक कलेक्टरला, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या बॉडीला. एमिटर मायनसला. फीडबॅकचं लाल टोक बेसला, दुसरं टोक १८० ओहम १ वॅटच्या रेझिस्टरमधून प्लसला. रेझिस्टर आणि फीडबॅक जिथं भेटतात तिथून मायनसला ०.१ मायक्रोफॅरड. प्लस-मायनसवर सर्किटला खेटून १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट. ट्यूबच्या प्रत्येक टोकाच्या दोन्ही पिना एकत्र जोडून सेकंडरीची एकेक तार तिकडं. पिना अशा जोडल्यामुळं फिलामेंट तुटलेल्या ट्यूबही पेटतात.

हीटसिंक किमान पोस्टकार्डाएवढ्या ३ एमएम ॲल्युमिनियमच्या पट्टीचं. बॉडी म्हणजेच कलेक्टर, त्यामुळं हीटसिंक डब्याला टेकणार असेल तर मायका वॉशर आणि स्क्रूला बुश पाहिजेच.

२३ आणि ३२ गेज तार पंख्याची वायंडिंग करणाऱ्याकडं तोळ्यावर मिळते. पाणबुडी मोटारीची प्लास्टिकची वेष्टणवाली तार इथं चालत नाही, जागाच पुरत नाही.

मांजरा
तांबडीतार यांचा प्रतिसाद पूर्ण आहे, तीन गोष्टी जोडतो.

१) ट्यूब न लावता चालू करू नका. ट्रान्झिस्टर बंद होतो त्या क्षणी रॉडमध्ये साठलेली ऊर्जा कुठंतरी जायलाच पाहिजे. ट्यूब असेल तर ती ट्यूबमध्ये जाते. नसेल तर कलेक्टरचा व्होल्टेज चढत जातो, आणि २एन३०५५ ची कलेक्टर-एमिटर मर्यादा ६० व्होल्टच आहे. "काल चालत होता, आज ट्यूब बदलताना उडाला" अशी तक्रार घेऊन येणाऱ्याचा ट्रान्झिस्टर बहुतेक वेळा असाच गेलेला असतो. होल्डर ढिला असला तरी हेच होतं.

२) बेस-एमिटर उलट दिशेनं ७ व्होल्टच सोसतो. बंद होताना फीडबॅकमधून त्याहून जास्त येऊ शकतो. बेस-एमिटरवर उलटा १एन४१४८ टाका, पट्टीचं टोक बेसकडं. डायोड नसला तर ट्रान्झिस्टर लगेच मरत नाही, पण गेन (करंट वाढवायची ताकद) हळूहळू उतरतो आणि ट्यूब दिवसागणिक मंद होते. मग लोक बॅटरीला दोष देत बसतात.

३) बॅटरी उलटी लागण्याची भीती असेल तर फ्यूजच्या पुढं प्लस-मायनसवर १एन५४०८ उलटा जोडा. उलटी लागली तर फ्यूज जातो, बाकी सगळं वाचतं. सिरीजमध्ये डायोड टाकला तर पाऊण व्होल्ट कायमचा वाया.

गंगाखेडकर
कामून एवढा कुटाणा? १२ व्होल्टचे एलईडी बल्ब, पट्ट्या मिळतात की बाजारात. वायर जोडली की झालं.

मांजरा
@गंगाखेडकर, नवीन विकत घ्यायचं असेल तर एलईडीच घ्यावा, त्यात वाद नाही. तेवढ्याच उजेडाला करंट निम्म्याच्या आसपास लागतो आणि उच्च व्होल्टेजची भानगड नाही. पण दुधनाकाठ यांच्याकडं ट्यूब पडून आहेत, आणि तुटलेल्या फिलामेंटच्या ट्यूबला दुसरा उपयोगही नाही. शिवाय प्रश्न इन्व्हर्टरचा आहे, तर इन्व्हर्टरचंच उत्तर देऊ.

पूर्णा
वाचनखूण साठवली. आमच्याकडं पूर्वी १२-०-१२ चा लोखंडी ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून, दोन ट्रान्झिस्टर लावून २३० व्होल्ट काढायचे आणि त्यावर चोक-स्टार्टरसकट ट्यूब लावायचे. तो प्रकार सोपा नाही का?

मिलीहेन्री
@पूर्णा, गुंडाळायचं काम वाचतं, पण बॅटरी खाल्ली जाते. लोखंडी चोक स्वतःच ८ ते १० वॅट गरम होण्यात घालवतो, त्यावर उलट्या ट्रान्सफॉर्मरचा तोटा वेगळा. २० वॅटच्या ट्यूबसाठी बॅटरीतून साडेतीन-चार अँपिअर जातात. ५० हर्ट्झवर ट्यूब दर अर्ध्या सायकलला विझते आणि पुन्हा पेटते. २० किलोहर्ट्झच्या वर गेलं की आतला वायू विझायला वेळच मिळत नाही, म्हणून तेवढ्याच वॅटमध्ये उजेड साधारण १० टक्के जास्त मिळतो.

बालाघाट
बॅटरीचं लिहितो, कारण खरा खर्च तिथं आहे.

एका ट्रान्झिस्टरच्या या सर्किटला २० वॅटच्या ट्यूबवर १.६ ते १.८ अँपिअर लागतात. ७ भागिले १.७ म्हणजे चार तास, असा हिशेब करू नका. बॅटरीवर लिहिलेले ७ एएच २० तासांच्या दरानं आहेत, म्हणजे ३५० मिलीअँपिअर ओढले तर. १.७ अँपिअरला बॅटरी नवी असेल तर तीन तास धरा, जुनी असेल तर दोन.

१०.५ व्होल्टच्या खाली उतरू द्यायची नाही. रोज तळापर्यंत उतरवली तर सहा महिन्यांत ती टेबलावर कागद दाबायच्या कामाची राहते. कट-ऑफ (बॅटरी उतरली की आपोआप बंद) हवा असेल तर टीएल४३१ ही व्होल्टेजची पातळी ओळखणारी आयसी घ्या : वरचा रेझिस्टर ३३ के अधिक २.२ के, खालचा १० के, म्हणजे ११.३ व्होल्टच्या आसपास पातळी मिळते. त्यावर छोटा रिले चालवा.

चार्जिंग : कायम जोडून ठेवायची असेल तर (याला फ्लोट म्हणतात) १३.५ ते १३.८ व्होल्ट, रोज उतरवून भरायची असेल तर १४.४. हे आकडे २५ अंश तापमानाचे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली ४० सहज असतात. एका १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागं साधारण २४ मिलीव्होल्ट कमी करायचे, म्हणजे ४० अंशाला जवळपास ०.३५ व्होल्ट उतरवून फ्लोट १३.३ वर आणा. हे न केल्यामुळं उन्हाळ्यात सीलबंद बॅटऱ्या पोट फुगून मरतात. बॅटरी शेडच्या पत्र्याजवळ टांगू नका, जमिनीलगत फळीवर ठेवा.

सिंदफणा
इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मंडळींचं सगळं बरोबर आहे, पण रेशमाच्या बाजूनं एक सांगते. अळ्यांना प्रखर उजेड नको असतो, मंद आणि सगळीकडं सारखा हवा, १५ ते ३० लक्स (उजेडाचं माप) पुरे. एकाच ठिकाणी २० वॅटची ट्यूब लखलखली की अळ्या रॅकच्या अंधाऱ्या बाजूला सरकतात, एका कडेला गर्दी होते आणि पाला सारखा खाल्ला जात नाही. पाचव्या अवस्थेत, जेव्हा सगळ्यात जास्त पाला लागतो, तेव्हा हे नुकसान परवडत नाही.

उजेड लागतो तो पाला टाकणाऱ्या माणसाला. म्हणून एक मोठी ट्यूब टांगण्यापेक्षा एक फुटी ८ वॅटच्या दोन, शेडच्या दोन टोकांना, रॅकच्या वर न लावता मधल्या वाटेवर लावा.

दुधनाकाठ
सिंदफणाताई, हे डोक्यात आलंच नव्हतं. म्हणजे २० वॅटच्या ट्यूब पाला कापून ठेवायच्या खोलीत आणि शेडमध्ये ८ वॅटच्या. तांबडीतार दादा, ८ वॅटला तेच वायंडिंग चालेल का?

तांबडी_तार
तेच चालेल, फक्त रेझिस्टर बदला. १८० च्या जागी ३३० ओहम अर्धा वॅट लावून सुरुवात करा. ८ वॅटच्या ट्यूबचा चालू व्होल्टेज २० वॅटच्या ट्यूबएवढाच असतो, ५७ च्या आसपास, करंट मात्र ०.१४५ अँपिअरच लागतो. रेझिस्टर जितका मोठा तितका बेसचा करंट कमी आणि ट्यूबला ताकद कमी. बॅटरीतून पाऊण-एक अँपिअर जाईल. ट्यूबची टोकं हाताला चटका देण्याइतकी तापत असतील तर ४७० ओहमपर्यंत चढा.

आंबेजोगाई_एफएम
वायंडिंग केलं, सगळं तपासलं, ट्यूब पेटत नाही. ट्रान्झिस्टर गरम होतोय, बाकी शांत. काय बघू?

तांबडी_तार
आधी फीडबॅकची दोन टोकं अदलाबदल करा. निम्म्या अडचणी इथंच मिटतात. ट्रान्झिस्टर चालू असताना प्रायमरीचं प्लसकडचं टोक आणि फीडबॅकचं बेसकडचं टोक एकाच वेळी धन व्हायला हवं. उलटं असेल तर तो नुसता अर्धवट उघडा राहतो आणि तापतो.

तरीही नसेल तर इनॅमल नीट खरवडलं का ते बघा. ३२ गेजचं इनॅमल निघालंय असं वाटतं, झाल चकाकते, पण आत संपर्क नसतो. ब्लेडनं सगळ्या बाजूंनी खरवडा, आधी टोकाला कथिल चढवा, मग मीटरवर सेकंडरी मोजा. ४५० वेढ्यांना काही ओहम दिसतील, उघडी दाखवली तर तार कुठंतरी तुटली.

मांजरा
आणि ट्रान्झिस्टर अस्सल आहे का बघा. बाजारात २एन३०५५ चा छाप मारलेले, आत चिमुकली चिप असलेले भरपूर फिरतात.

परीक्षा सोपी : मोटारसायकलच्या ब्रेकचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब प्लस आणि कलेक्टरमध्ये, एमिटर मायनसला, बेसला प्लसमधून १०० ओहम २ वॅट. बल्ब पूर्ण पेटला पाहिजे आणि कलेक्टर-एमिटरमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त मोजला जाऊ नये. एक-दीड व्होल्ट दाखवला किंवा मिनिटाभरात टोपी हात लावू देईना, तर तो दुकानदाराला परत.

हाच बल्ब पहिल्यांदा चालू करताना बॅटरीच्या सिरीजमध्येही ठेवा. काही चुकलं असेल तर बल्ब भक्कन पेटेल, ट्रान्झिस्टर वाचेल.

आंबेजोगाई_एफएम
फीडबॅक उलटा होता. पेटली! पण बारीक शिटी येते, आणि ट्यूबमध्ये सापासारखी लहर फिरते.

मिलीहेन्री
शिटी म्हणजे वारंवारता २० किलोहर्ट्झच्या खाली आहे. ०.१ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०४७ लावून बघा. रॉड दोन तुकड्यांचा असेल किंवा वेढे सैल असतील तरी आवाज येतो, त्यावर वार्निश मारून वाळवा.

लहर ही कमी करंटची आणि थंड ट्यूबची खूण. नवी ट्यूब थोडा वेळ तशी करते, मग थांबते. थांबली नाही तर १८० चा रेझिस्टर १५० करा. आणखी एक : ट्यूब पेटायला जवळ धातू लागतो. जुन्या पट्टीची लोखंडी बॉडी तेच काम करायची. लाकडी फळीवर लावली असेल तर ट्यूबच्या लांबीनं एक उघडी तार ताणा आणि ती बॅटरीच्या मायनसला जोडा.

पूर्णा
एका टोकाला ट्यूब लवकर काळी पडते असं ऐकलंय. ते यात होतं का?

मिलीहेन्री
होतं, आणि यावर कुणीच बोललं नाही म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

या सर्किटमध्ये फिलामेंट गरम न करता नुसत्या व्होल्टेजच्या जोरावर ट्यूब पेटवतात. दर वेळी चालू करताना फिलामेंटवरच्या बेरियम ऑक्साइडच्या लेपाचे कण उडतात आणि काचेच्या टोकाला काळे बसतात. शिवाय एका ट्रान्झिस्टरचा तरंग दोन्ही बाजूंना सारखा नसतो, त्यामुळं एक टोक आधी काळं होतं आणि पारा एका बाजूला सरकून दुसरी बाजू मंद दिसते. तात्पुरता उपाय म्हणजे महिन्यातून एकदा ट्यूबची टोकं फिरवणं. तुटलेल्या फिलामेंटच्या ट्यूबला गमावण्यासारखं काही नाही, तिथं एका ट्रान्झिस्टरचंच सर्किट लावा.

चांगली ट्यूब टिकवायची असेल तर दुधनाकाठ यांच्याकडं आहेत तसे बंद सीएफएल कामाला घ्या. सीएफएलच्या आत बहुतेक वेळा ट्यूब नाही तर ट्रान्झिस्टर गेलेले असतात, चोक आणि कपॅसिटर ठणठणीत असतात. तिथल्या अर्ध्या पुलाला (दोन ट्रान्झिस्टरच्या हाफ-ब्रिज सर्किटला) ३१० व्होल्ट डीसी मिळतं, म्हणजे चोकला १५५ व्होल्टचा दोन्ही बाजूंचा चौकोनी तरंग जातो. तेवढाच तरंग आपण १२ व्होल्टमधून तयार केला तर पुढचं सगळं आयतं आहे.

कृती : एसजी३५२५ आयसी (आळीपाळीनं दोन आउटपुट देणारी). सीटी (वारंवारता ठरवणारा कपॅसिटर) २.२ नॅनोफॅरड, आरटी (त्याच्या जोडीचा रेझिस्टर) १० के, डिस्चार्जचा रेझिस्टर २२ ओहम. ओसिलेटर ६४ किलोहर्ट्झच्या जवळ, प्रत्येक आउटपुट ३२. दोन आयआरएफझेड४४एन मॉसफेट (टोकं : गेट, ड्रेन, सोर्स), गेटला २२-२२ ओहम. फेराइट ईई२५ कोअर, बिनगॅपचा. प्रायमरी १५ + १५ वेढे, २६ गेजच्या तीन तारा एकत्र पिळून, मधला टॅप बॅटरीच्या प्लसला. सेकंडरी ३२ गेज १९५ वेढे, थराथरात टेप. सेकंडरीतून १८-२० वॅटच्या सीएफएलचा चोक, तिथून ट्यूबच्या एका फिलामेंटची एक पिन. त्याच फिलामेंटच्या दुसऱ्या पिनेतून सीएफएलचाच कपॅसिटर (बोर्डावर ट्यूबच्या दोन फिलामेंटांमध्ये असतो, साधारण ३.३ ते ४.७ नॅनोफॅरड, १००० व्होल्टच्या वरचा), तो दुसऱ्या फिलामेंटच्या पिनेला, आणि उरलेली पिन सेकंडरीच्या परतीला. पेटायच्या आधी सगळा करंट फिलामेंटमधून जातो, ती गरम होतात, मग ट्यूब पेटते. इथं दोन्ही फिलामेंट धड पाहिजेत.

२० वॅटच्या ट्यूबला २० वॅटच्याच सीएफएलचा चोक घ्या. ११ वॅटचा घेतला तर उजेड कमी, ३६ चा घेतला तर ट्यूब जळते.

बालाघाट
@मिलीहेन्री, आयआरएफझेड४४एन ५५ व्होल्टचा. पुश-पुलमध्ये बंद असलेल्या बाजूवर दुप्पट पुरवठा येतो, १४.४ ला २९ व्होल्ट, वर ट्रान्सफॉर्मरच्या गळतीमुळं येणारे व्होल्टेजचे उंचवटे. स्नबर (उंचवटे शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) सांगा.

मिलीहेन्री
बरोबर. प्रत्येक ड्रेनपासून सोर्सला २२ ओहम आणि १ नॅनोफॅरड सिरीजमध्ये. उंचवटे जास्त येत असतील तर दोन्ही प्रायमरी एकत्र पिळून गुंडाळा, बहुतेक सुटतं. रॉयर पद्धतीचा, मधल्या टॅपला इंडक्टर असलेला स्वयंचलित पुश-पुल करणाऱ्यांनी मात्र जपावं. तिथं ड्रेनवर पुरवठ्याच्या ३.१४ पट येतात, १४.४ ला ४५ व्होल्ट, आणि ५५ चा मॉसफेट काठावर राहतो.

गंगाखेडकर
अवांतर : ट्यूब फुटली तर? शेडमध्ये अळ्या आहेत म्हणून विचारतोय.

सिंदफणा
अवांतर नाही, महत्त्वाचं आहे. आत पारा असतो. त्या रॅकखालचा पाला आणि काच दोन्ही उचला, केरसुणीनं झाडू नका, ओल्या कागदानं टिपा, बंद डब्यात घाला, दारं-खिडक्या उघडा. ट्यूबवर पारदर्शक प्लास्टिक पाइपचं कव्हर घातलं तर काच खाली येतच नाही. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराच्या २०२३ च्या बैठकीत सामान्य उजेडाच्या लांब ट्यूब २०२७ पर्यंत बंद करायचं ठरलंय, त्यामुळं आहेत त्या जपून वापरलेल्या बऱ्या.

आणि दुधनाकाठ, निर्जंतुकीकरणाला ब्लीचिंग पावडर आणि चुना वापरत असाल. क्लोरीननं तांब्याच्या उघड्या टोकांवर हिरवट थर येतो आणि ॲल्युमिनियम हीटसिंक पांढरं पडतं. फवारणीच्या आधी डबा काढून बाहेर ठेवा, होल्डरच्या पिनांना पेट्रोलियम जेली लावा.

दुधनाकाठ
शेडमध्ये ८ वॅटच्या दोन, एका ट्रान्झिस्टरचे दोन वेगळे इन्व्हर्टर. खोलीत एसजी३५२५ चा. असं ठरवतोय. शेवटचा प्रश्न : बॅटरी खोलीत आणि ट्यूब १० मीटर लांब. इन्व्हर्टर बॅटरीजवळ ठेवून ट्यूबपर्यंत वायर नेऊ, की उलट?

मांजरा
इन्व्हर्टर ट्यूबजवळ, १२ व्होल्टची वायर लांब. सेकंडरीच्या तारा लांब नेल्या तर दोन तारांमधल्या कपॅसिटन्समधून करंट गळतो, ट्यूब मंद होते किंवा पेटतच नाही, आणि काही शे व्होल्टच्या तारा शेडभर लोंबतात. अर्धा-एक मीटरच्या आत ठेवा.

१२ व्होल्टच्या बाजूला जाण्या-येण्याची मिळून २० मीटर तार. १ चौरस एमएमची घेतली तर ०.३६ ओहम. दोन ८ वॅटच्या ट्यूबचे मिळून १.७ अँपिअर धरले तर ०.६ व्होल्ट तारेतच गेले, आणि बॅटरी ११.५ ला आली की ट्यूब फडफडायला लागेल. २.५ चौरस एमएम घ्या, घट पाव व्होल्टवर येते. प्रत्येक इन्व्हर्टरच्या प्लस-मायनसवर १०० ऐवजी १००० मायक्रोफॅरड लावा, नाहीतर लांब तारेमुळं ओसिलेशन अडखळतं. फ्यूज मात्र बॅटरीच्या टोकाला. इन्व्हर्टरजवळ लावला तर मधली १० मीटर तार उंदरानं कुरतडली की तिला वाचवायला काहीच नाही.